गळालेली यादी

आमच्या सरसाक्कांची नजर काय वर्णावी! तंजावूरच्या आमच्या मराठी मंडळाची यादी, दूरध्वनी क्रमांकांसह, ‘ताजी गळती’ म्हणून इंटरनेटवर विक्रीला झळकली. चिटणीस व्यंकटरावांना वाटले, आपल्याच नव्या संगणकातून ती फुटली. ते राजीनामा लिहू लागले.

मंडळातल्या घरांच्या लग्नपत्रिका वाटणाऱ्या सरसाक्कांनी यादी एकेक घर करून वाचली.

“थांबा, राव. सून आली की आपण आठवड्यात तिचे नाव चढवतो. यात तीन वर्षांतली एकही सून नाही. ही तीन वर्षांपूर्वी जुन्या संगणकातून फुटली होती तीच यादी, पुन्हा विकायला काढलेली.”

व्यंकटरावांनी तेव्हा फुटलेली यादी काढून ताडून पाहिली, तंतोतंत तीच. त्यांनी राजीनामा फाडला.

“अक्का, ही विद्या कुठे शिकलात?”

“पत्रिकेवर सुनेचे नाव एकदा विसरून बघा, राव. तुम्हीही शिकाल.”