खालची अर्धी भिंत

व्यायामोपचाराच्या खोलीबाहेर म्हातारबुवांनी पुस्तक उघडं धरलं होतं, पण कान शेजारच्या दोघा रंगाऱ्यांकडे होते. एकजण चाकाच्या खुर्चीत होता. परांचीवरून पडून त्याचा मणका मोडला होता. दुसरा त्याला सांगत होता,

"लंबू, माझ्या घरातली भिंत अजून अर्धीच रंगवलीय."

"चार महिने झाले! वहिनी घरात घेतात का तुला?"

"रोज उद्धार करते माझा."

"मग उरकून टाक की."

"वरचं उरकलं. खालचं ठेवलंय."

"किती?"

"खुर्चीतून तुझा हात पोचेल तेवढं."

"वरचं नेहमी माझं असायचं रे."

"माहितेय. शिडीवर अजून पाय लटपटतात माझे."

"रंग सुकला असेल एव्हाना."

"डबा घट्ट बंद आहे. रोज हलवून ठेवतो."