आबांनी केलेली पारख

दारूतलं कळतं म्हणणारे खूप भेटले, पण दगडूआबांची सर कुणाला नाही. सत्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीची गोष्ट. माझा मावसभाऊ सुरेश बोटीवर होता. कॅप्टनने त्याला एक अमेरिकन बाटली दिली होती, पिंपातून काढून पाणी न घालता भरलेली. अलोऱ्याच्या कॉलनीतले एक इंजिनिअर तिच्या बदल्यात जपानी टेपरेकॉर्डर द्यायला तयार होते. सौदा करावा की नाही, हे सुरेशला ठरवता येईना. म्हणून आम्ही सावर्ड्याला आबांकडे गेलो. तरुणपणी ते काजूची दारू गाळायचे.

आबांनी थेंबभर तळहातावर चोळून हुंगलं.

"कशाची रे?"

"मक्याची," सुरेश म्हणाला.

"मका आम्ही कोंबड्यांना घातला!" म्हणत त्यांनी घोट घेतला. डोळ्यांत पाणी आलं.

"पहिल्या धारेची हाय, पण घसा सोलत नाय. असं कशानं?"

"आठ वर्षं लाकडी पिंपात ठेवतात, आबा."

"आठ वर्षं? आणि मधी कोणीच प्यायला नाय?"

"नाही."

आबांनी बूच घट्ट लावून बाटली सुरेशच्या हातात दिली.

"देऊ नको. टेपरेकॉर्डर मुंबईत कुठंपण गावेल. एवढा धीर धरणारी माणसं कुठं गावणार?"

सुरेशने दुसऱ्याच दिवशी अलोऱ्याला नकार कळवला.