देठासकट एक किलो

न्हाय, न्हाय, मिरची ऱ्हाऊ दे तिथंच, ती काय पळून जात न्हाय—आदी मला सांगा, दिवाळी झाल्यावर एक किलो मिरची कांडायला डंकावर कोण येतं? उन्हाळ्यात बाया रांग लावत्यात हितं, धा-धा किलो, उन्हात वाळवून, देठं काढून. आनि तुमी बाप्या माणूस, एकटं, मिरची देठासकट. गाव कुठलं म्हणालासा? शिरोळ. झालं की मग. बसा त्या पोत्यावर. तुमी बोलू नका, मीच सांगते—मिरची हे निमित्त, तुमी आलाय वर्षाराणीची चौकशी करायला. स्थळं जुळवणारी झुंबरबाई रविवारीच सांगून गेली, शिरोळचं स्थळ हाय, बिजवर हाय, स्वभावानं गप, न सांगता येऊन बघून जाईल म्हणून. ही रीतच हाय आपली, पोरगी घरात बघायची आनि खरं काय ते शेजारच्या दुकानात इचारायचं. इचारा. मी तिची थोरली भण, आक्का म्हणत्यात मला. ती जोतिबाला गेलीया, सांजंपर्यंत काय येत न्हाय.

कशी हाय? चांगली हाय. छत्तिशी गाठलीया, झाकून काय करायचं. बाहेर तिखटमीठ लावून ऐकण्यापरीस माझ्या तोंडानं ऐका. पयला ऋतुराज, कॉलेजातला. दोन वर्सं रंकाळ्यावर फिरवलं, 'आईला सांगतो, आईला सांगतो' म्हणत. आनि एक दिवस आला बारा किलो मिरची घेऊन—ह्याच डंकावर—सोताच्या लग्नाची. नवरी दुसरी. वर म्हणतो कसा, तुमच्यासारखी चटणी कोल्हापुरात कुणाची न्हाय. दिली की कांडून. डोळ्यात पाणी आलं ते ठसक्यानं, दुसरं काय न्हाय.

मग कागलचा विजयसिंह. त्याच्यासंगं लग्न झालं, वाजतगाजत. दर अर्ध्या तासाला फोन—कुठं हाईस, जवळ कोण हाय. आदी वाटलं, काय जीव लावतोय माणूस. मैत्रिणींना फुशारकीनं सांगितलं सुद्धा. मग घरात शिरला की पदराचा वास घ्यायला लागला, परक्याच्या सेंटाचा येतोय का बघायला. चौदा म्हैन्यात परत आले मी—म्हंजे आली, ती. तिचं सांगता सांगता असं हुतंय माझं.

तिसरा सम्राट. टेम्पोतनं ब्याडगीची मिरची घेऊन यायचा, येताना बेळगावचा कुंदा. बिनलग्नाचा म्हणायचा. एकदा घाईत आला, टेम्पो न्हाय, मोटारसायकल—आनि टाकीवर बारक्या पोराची सीट, लाल. तिनं म्हटलं, भाच्याची असंल. म्हैनाभर म्हणत ऱ्हायली, भाच्याची असंल. लाज वाटते सांगायला, पर सगळं ठावं असून म्हैनाभर चालवून घेतलं. तवापास्नं मी माणसाचं तोंड बघत न्हाय, आदी गाडी बघते. तुमची कुठाय? हितनं तर दिसत न्हाय. बघा, संशयाला हे आनि एक निमित्त.

बाई वाईट न्हाय हो पावणं. संशयी हाय, पर तो संशय काय ती पोटातनं घेऊन आली न्हवती. तिला बंगला नको, सोनं नको. कुणीतरी 'जेवलीस का' इचारावं आनि उत्तर ऐकायला थांबावं, एवढंच. विजयसिंह इचारायचा की, पर 'कुणासंगं जेवलीस' म्हणून. आनि तुमी—अर्धा तास झाला, फोन काढला न्हाय, घड्याळ बघितलं न्हाय. मला आता पक्कं वाटाय लागलंय, तुमी मिरचीसाठी न्हाय, तिच्यासाठीच आलाय. असू दे, सांगू नका. पर डंकावर नवी साडी नेसून कोण बसतं, एवढं तरी तुमच्या ध्यानात यायला पायजे हुतं. तिखटानं वाटोळं हुतंय साडीचं. सोमवारपास्नं रोज नेसते, कुठल्या दिवशी याल ठावं न्हवतं म्हणून. मघापास्नं काय तरी सांगायला बघताय न्हवं? सांगा. आता मी गप बसते. सांगा की.

कोण? या ताई, या. लसूण हितं ठेवा. हे—तुमचं मालक व्हय. गाडी लावायला जागा गावली न्हाय, बरोबर हाय, ह्या गल्लीत गावतच न्हाय. पोरीला पाठवायची, पुण्याला. म्हणून एकच किलो. तरीच म्हटलं. देठं हितंच बसून काढणार हुतासा, काढा की, घाई न्हाय. न्हाय, काय न्हाय, मिरचीचंच बोलत बसलो हुतो आमी. कुणी पाठवलं? बिबीजाननं, कोपऱ्यावरच्या. लसूण दिला आनि सांगितलं, वर्षाराणीच्या डंकावर जावा म्हणून.

व्हय. मीच वर्षाराणी.

तुमी उठा जरा पोत्यावरनं. नाकाला फडकं बांधा दोघं बी. डंक सुरू केला की मग कुणाचं काय ऐकू येत न्हाय.