चुकीच्या जागची टाळी

जुन्या रेकॉर्डी पेनड्राइव्हवर उतरवून देणाऱ्या दुकानात मी माझ्या कॅसेटची पिशवी घेऊन रांगेत उभा होतो. माझ्यापुढच्या बाईंनी हेडफोन काढून काउंटरवर ठेवला, तसं काउंटरमागच्या मुलाने विचारलं,

"काय काकू, कसं झालंय? जॅझ महोत्सवातलं रेकॉर्डिंग, पण वाटतं की नाही स्टुडिओत केल्यासारखं?"

"सुरेख झालंय रे. पण सॅक्सोफोनवाला मध्येच श्वास घ्यायला थांबतो ना, तिथली टाळी कुठे गेली?"

"ती उडवली. त्याचं वाजवून व्हायचं होतं अजून, आणि कुणी महाभाग एकटाच टाळ्या पिटत सुटला होता. नुसता विचका!"

"महाभागच. त्याला वाटलं, संपलं."

"अशा लोकांना तिकिटंच देऊ नयेत."

"तिकिटं मीच काढली होती. त्यांना जॅझमधलं ओ की ठो कळत नव्हतं. माझ्यासाठी आले होते बिचारे."

"अरे देवा! काका होते? सॉरी हं, काकू."

"असते तर त्यांनाच पाठवलं असतं तुझ्याशी भांडायला."

मुलाने काउंटरवरचा हेडफोन उचलून गुंडाळायला घेतला.

"पुन्हा उतरवून दे. त्या टाळीसकट."

"देतो काकू. पण खरं सांगू? बाकी कार्यक्रम आहे तस्सा आहे. एक टाळी गेली तर कुणाच्या लक्षातही येणार नाही."

"टाळीनंतर एक बाई खुदकन हसते. ते ठेवलंयस?"

"हो, ते गोड आहे. काढवेना."

"ती मी. आता तिथे मी एकटीच हसतेय रे."