आईशपथ फायनल

दातांच्या दवाखान्यात मावशींच्या शेजारी दोन प्रोग्रॅमर बसले होते. एकाच्या मांडीवर लॅपटॉप, दुसऱ्याचा गाल टम्म सुजलेला. मावशींचे कान मात्र ठणठणीत होते. लॅपटॉपवाल्याने पडद्यावरची ॲपच्या आवृत्त्यांची यादी सुजलेल्या गालवाल्यापुढे धरली.

"जावा ॲपचे तुझे हे चार बिल्ड कसले? 'फायनल', 'नवीन फायनल', 'खरंच फायनल'..."

"आणि 'आईशपथ फायनल'. तोच बरोबर आहे."

"सरळ एक, दोन, तीन आकडे घाल की!"

"दर वेळी वाटतं, हाच शेवटचा."

"या दवाखान्याला कुठला दिलास?"

"घाईघाईत... नुसता 'फायनल'."

"मेलो! त्यात सगळ्या पेशंटना एकच वेळ मिळते!"

"हळू बोल! तसं असतं तर एव्हाना बोंब झाली नसती?"

मावशी उठून उभ्या राहिल्या.

"माझी दहाची वेळ आहे. आणखी कुणाची दहाची?"

अकरा हात वर झाले. बारावा, अगदी सावकाश, सुजलेल्या गालवाल्याचा.