दीड फूट जास्तीचा वासा

दादा गेल्याचा निरोप घेऊन माणूस आला, तेव्हा मी मुरबाडच्या शाळेत उत्तरपत्रिका तपासत होतो. आता तुम्ही मंडळी भेटायला आलाच आहात, तर त्याचा एक किस्सा सांगतोच.

दादा, माझा थोरला भाऊ, सुतार होता. शाळेत कधी गेला नाही. डोळखांबकडच्या एका पाड्यावर शाळेच्या छपराचं काम त्याच्याकडे होतं; त्या दिवशी मीही त्याच्यासोबत होतो. ओव्हरसियर साहेबांनी भिंतीच्या माथ्यापासून आढ्याची उंची सहा फूट, आढ्याखालून भिंतीपर्यंतचं आडवं अंतर आठ फूट धरलं, वर्ग केले, बेरीज केली, वर्गमूळ काढलं. "वासे दहा फुटांचे काप."

दादानं जमिनीवर गुण्यानं काटकोन आखला, तीच मापं घेऊन दोरी तिरकी ताणली. तीही दहाच भरली. तरी त्यानं सगळे वासे साडेअकरा फुटांचे कापले.

साहेब भडकले. "अडाणी! दीड फूट चुकलास? काम काढून घेतो तुझं!"

दादा शांत. "दहा बरोबरच हाय, सायेब. पन तुमचा वासा भिंतीवर थांबतो. पाऊस थांबल का? भिंत मातीची हाय. बाहेर वळचण नाय ठेवली तर भिजून पोरांच्या अंगावर यील."

साहेबांनी कागद घडी करून खिशात घातला. "चढवा वासे, मिस्त्री."

माझी छाती वीतभर फुगली.

परतताना दादा म्हणाला, "सायबानं दोरीबिगर दहा कसं काढलं रे? मला दाव ना."

"दिवाळीच्या सुटीत दाखवतो," मी म्हणालो.

मी शाळेत दरवर्षी तेच शिकवत आलो. दादाला दाखवायचं राहिलं.