सवलतीचं औषध

(मस्कतजवळचं गाला, २००३ सालचा जुलै. शरीफचं कोल्ड स्टोअर, म्हणजे गॅरेजवाल्यांच्या वस्तीतलं किराणा आणि चिकनचं दुकान. दुपारची सुट्टी, शटर अर्धं खाली. धर्मादाय दवाखान्यातली फार्मासिस्ट विद्या नुकतीच आत आलीय.)

शरीफ : पाणी नंतर कसं? आधी प्या ताई, मग काय ते विचारा. दवाखान्यापासून चालत आलाव या उन्हात, डोकं फिरलंय काय तुमचं?

विद्या : फिरलंच आहे. शरीफभाई, शाहबाज त्याचं इन्सुलिन कुठे ठेवतो?

शरीफ : माझ्याकडं. दुसरं कुठं ठेवणार? कामगारांच्या कॅम्पात एका खोलीत दहा माणसं, फ्रीज एकच, तोही मासळीनं भरलेला. मीच बोललो भाच्याला, इकडं आण. मग त्याच्या खोलीतल्या सुफियाननं आणलं, वजीरानं आणलं. सगळ्यांचं माझ्याकडंच हाय. एक बाटली संपली की दुसरी घेऊन जातात.

विद्या : दाखवा.

शरीफ : दाखवतो की. पण आधी हॉस्पिटलचं सांगा. आमची घरवाली, खुदेजा, काल संध्याकाळपासून तिथंच बसलेय. फोन लागत नाय तिचा. शाहबाज शुद्धीवर आला काय?

विद्या : डॉक्टर फोनवर म्हणाले, येईल. शुगर इतकी चढली होती की मीटरवर आकडाच येईना. मी सकाळपासून विचार करतेय, असं झालं कसं? त्याच बॅचचं इन्सुलिन दवाखान्याच्या फ्रीजमधून मी तिथे येऊन टोचून घेणाऱ्यांना देते. ते सगळे ठणठणीत आहेत.

शरीफ : तेच तर कॅम्पात बोलतायत, ताई. राग मानू नका. बोलतायत, धर्मादाय दवाखान्यात सवलतीचं मिळतं ते औषध नसतंच, नुसतं पाणी असतं. अर्ध्या भावात कोण खरं औषध देतो?

विद्या : ऐकलंय मी. दाखवता ना?

शरीफ : हे बघा. चिकनच्या मागं, अगदी तळाला, जिथं सगळ्यात जास्त गार असतं. गिऱ्हाइकांचा हात पोचत नाय. एकेकाचं प्लास्टिकमध्ये बांधून वर नाव घातलंय. स्वतःच्या पोरीचं औषध असतं तर याहून काय जास्त जपलं असतं?

विद्या : या सगळ्या इथेच असतात? अगदी पहिल्यापासून?

शरीफ : काय झालं? कमी हाय काय त्यात?

विद्या : शरीफभाई, हा फ्रीझर आहे.

शरीफ : मग? गारच ठेवायचं बोलला होता ना तुम्ही?

विद्या : गार. बर्फ नाही. इन्सुलिन एकदा गोठलं की मेलं. परत पातळ झालं, तरी उपयोग शून्य. बघा ही बाटली, कडेनं वितळतेय तिथे हे कण दिसतायत? एकदम नितळ असायला हवं हे.

शरीफ : म्हणजे शाहबाज गेले किती दिवस...

विद्या : पाणीच टोचत होता. कॅम्पवाले चुकीचं बोलत नाहीत. फक्त ते पाणी आमच्याकडून आलेलं नव्हतं.

शरीफ : या अल्ला. ताई, त्यानं भात सोडला होता. मला बोलला, मामू, शुगर उतरत नाय, मीच काय तरी जास्त खात असेन. खजूर सोडला, चहातली साखर सोडली. उपाशी राहून गॅरेजात गाड्यांखाली झोपून काम करत होता. आणि मी त्याला वर बोललो, शाब्बास, असाच कंट्रोल ठेव.

विद्या : बसा तुम्ही. पाणी आता तुम्ही प्या.

शरीफ : डब्यावर लिहिलेलं असेल ना?

विद्या : आहे. इंग्लिशमध्ये आणि अरबीत.

शरीफ : अरबी मी वाचतो, ताई. लहानपणापासून वाचतो. हे बघा, अक्षर न् अक्षर वाचून दाखवतो. पण कळत नाय त्यातलं. कुराण वाचतो, तेव्हा मौलवी समजावून सांगतो. औषधाच्या डब्याला कुठला मौलवी?

विद्या : मी होते ना. फार्मासिस्ट कशाला ठेवलीय मला? सांगणं माझं काम होतं. आधी बरं होतं, दर महिन्याला यायचे, एक बाटली घेऊन जायचे. मग औषध कंपनीच्या इथल्या एजंटचं ते पत्रक आलं. गरिबांसाठी चालणाऱ्या दवाखान्यांना औषधात सवलत द्यायची की नाही, कुणाला द्यायची, याचा फेरविचार चालू आहे म्हणे. मी घाबरले. म्हटलं, बंद व्हायच्या आत मिळेल तेवढं माणसांच्या हातात देऊन टाकू. तीन-तीन बाटल्या दिल्या प्रत्येकाला. रांग दारापर्यंत होती. ठेवणार कुठे, हे एकालाही विचारलं नाही मी.

शरीफ : मग तो फेरविचार झाला काय?

विद्या : कुठला होतोय! एजंटकडच्या रामकृष्णला रोज फोन करते. तो म्हणतो, बुकरा, इन्शाल्ला. उद्या, देवाच्या मनात असेल तर. रोजचाच उद्या! शरीफभाई, खरं सांगते, मला तो शब्द ऐकवत नाही हल्ली.

शरीफ : शब्दाला दोष देऊ नका. लोक काम टाळायला वापरतात, त्याला तो काय करणार? आपलं करायचं तेवढं करून झालं, की मग बोलायचा शब्द हाय तो.

विद्या : मग करू या आपलं. या सगळ्या बाटल्या मी घेऊन जाते. सुफियानला, वजीराला आजच निरोप द्या, घरात असेल ती बाटली टोचायची नाही. दवाखान्यात थोडा साठा आहे, त्यातून देते. पुढचं पुढे. आणि...

शरीफ : आणि काय?

विद्या : आणि कॅम्पात कुणीतरी सांगायला हवं की औषध चांगलं होतं. कृष्णकांतकाकांचा, आमच्या दवाखान्याच्या सेक्रेटरींचा, कुरुमच्या घरून दोनदा फोन आला. बनावट औषधाची ही आवई एजंटपर्यंत गेली, तर ते म्हणतील, तुमच्या दवाखान्याला औषध सांभाळता येत नाही, सवलत कसली मागता? मग फेरविचाराची वाटच बघायला नको.

शरीफ : कुणीतरी म्हणजे मी.

विद्या : हो.

शरीफ : ताई, इथली माणसं माझ्याकडं पासपोर्ट ठेवतात. मालकावर, अर्बाबवर नाय, माझ्यावर भरवसा ठेवतात. घरून वाईट बातमी आली, तर फोन आधी माझ्या दुकानात येतो आणि मी ती सांगायला जातो. उद्या त्यांना काय सांगू? शरीफनं सख्ख्या बहिणीच्या पोराला चिकनशेजारी ठेवलेलं औषध टोचायला लावलं? तिकडं हर्णैला बहीण हाय माझी. तिला काय सांगू?

विद्या : नका सांगू. मी सांगते, दवाखान्याची चूक झाली. अर्धी तर माझी आहेच.

शरीफ : आणि सवलत?

विद्या : गेली तर गेली. भांडीन मी एजंटशी.

शरीफ : तोंड बघा तुमचं, म्हणे भांडीन! रडू यायला लागलंय. मला आजची रात द्या. विचार करतो.

विद्या : विचाराला वेळ आहे कुठे? तुम्ही विचार करेपर्यंत तिकडे माणसं इंजेक्शन घ्यायचंच बंद करतील. पाणी टोचून काय उपयोग, म्हणून. मला त्याची जास्त भीती वाटतेय.

खुदेजा : शटर तरी पुरतं वर करा, वाकता येत नाय मना. कंबर धरलेय स्टुलावर बसून.

शरीफ : खुदेजा! शाहबाज?

खुदेजा : उठला. पाणी मागितलान, मग भात मागितलान. नर्स बोलली, भात उद्या.

विद्या : देवा! भाभी, बसा इथे, या खोक्यावर.

खुदेजा : ताई, तुमी हतं हायव, म्हंजे तुमाला कळलंय. मना काल रात्रीच कळला. डॉक्टरनी विचारलान, औषध खंय ठेवताव? मी सांगितला. तेनी पेन खाली ठेवलान, तेवाच समजले मी.

शरीफ : मग मला फोन नाय केलास?

खुदेजा : केला असता तर तुमी रात्रभर काय केला असतां? फ्रीझरसमोर बसून रडला असतां. सकाळी नर्सनं विचारलान, औषध बनावट होता काय? मी बोल्ले, नाय. औषध बरा होता, फ्रीझर आमचा होता. कॅम्पातले चौघे उभे होते भेटायला. तेंच्यासमोर बोल्ले.

शरीफ : तेंच्यासमोर?

खुदेजा : मग काय कानात सांगू?

शरीफ : काय बोलले ते?

खुदेजा : एक बोलला, शरीफभाय असा करणार नाय. मी बोल्ले, केलान. जीव लावून केलान, पण केलान.

शरीफ : आणि शाहबाज? त्याला सांगितलंस?

खुदेजा : तेला आधी सांगितला. मना वाटला, आता तोंड फिरवतोय. मग बोलला, मामूंना सांग, कोल्ड्रिंकच्या फ्रीजात जागा करा.

शरीफ : असं... असं बोलला पोरगा?

खुदेजा : आता हुंदके नंतर द्या. त्या बाटल्या बाहेर काढा आधी.

शरीफ : कोल्ड्रिंकवाल्या कंपनीचा फ्रीज हाय तो. दुसरं काय ठेवलेलं चालत नाय त्यांना. त्यांचा माणूस येऊन बघतो.

खुदेजा : येऊ दे. तेच्याशी मी बोलतंय. वरचा एक कप्पा पुरे काय, ताई?

विद्या : पुरे. मधला द्या पण, वरचा पंख्याजवळ येतो, तिथे गोठेल. माझ्या पर्समध्ये थर्मामीटर आहे, तो आत ठेवा. काटा दोन ते आठच्या मधे राहिला पाहिजे, खाली नाही, वर नाही. शरीफभाई, हे अरबी नाही. आकडे आहेत.

शरीफ : आकडे कळतात मला. सकाळी बघीन, दुपारी बघीन, दुकान बंद करताना बघीन. लाईट गेली तर बर्फ... नाय, बर्फ नाय. तुम्हाला फोन करीन.

विद्या : हां. आता कसं!

शरीफ : आणि असरच्या नमाजानंतर कॅम्पात जातो मी. खुदेजानं सांगितलं ते तिचं झालं. माझ्या तोंडून ऐकू दे त्यांना.

विद्या : मी येते बरोबर. तीन-तीन बाटल्यांचं माझं मी सांगते.

शरीफ : झाला बघा कप्पा रिकामा. पुसून घेतला. आणा तुमचं औषध.

विद्या : औषध कुठलं, शरीफभाई? दवाखान्यात आहे ते एकेकाच्या हातात जाईल, तेवढंच. पुढचं रामकृष्णच्या फोनवर. सवलत राहिली तर येईल, नाहीतर... या कप्प्यात ठेवायला आज माझ्याकडे खरंच काही नाही.

शरीफ : ठाऊक हाय. म्हणून काय कप्प्यात परत कोल्ड्रिंकच्या बाटल्या भरू?

विद्या : नको.

खुदेजा : दार लावा वो, गार जातंय सगळं.

विद्या : लावा. काचेतून बघा जरा. काटा स्थिर झाला का? किती दाखवतोय?

शरीफ : पाच.

विद्या : बरोबर आहे. असंच राहू द्या.